रेड्याच्या आधीची फेरी

मी घाबरट माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी हसायला नको. सौदीत अल खफजीला क्रेन चालवायचो तेव्हाही खाली कुणी उभा दिसला की मी हूक जागीच थांबवायचो. फोरमन म्हणायचा, हाशिर, तू आपला दाभोळला जाऊन सुकी मासळी विक. गेलो नाही. त्याऐवजी जेद्दाला आलो आणि बर्फावर गाडी चालवायला लागलो.

हो, बर्फावरच. एका मॉलच्या पोटात कंपनीने छपराखाली बर्फाचा उतार केलाय, चांगला पाच मजली उंच. बाहेर अंगाची लाही होते आणि आत उणे चार. माणसं पायाला फळ्या बांधून वरून घसरत येतात, आपटतात, हसतात, परत पाळण्यात बसून वर जातात. एक खेप संपली की सगळ्यांना बाहेर काढायचं, दारं लावायची, तोफांनी नवा बर्फ उडवायचा आणि मी गाडी फिरवून तो सारखा करायचा. गाडीला पुढे पातं आणि मागे दातेरी रूळ. तो रूळ गरगर फिरून घट्ट बर्फाचा भुगा करतो. आम्ही गाडीला रेडा म्हणतो. आपण काय तुडवतोय हे रेड्याला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर वर केबिनमध्ये बसलेल्या मलाही कळत नाही.

आमचा पहिला मॅनेजर ग्रुबर म्हणून होता, ऑस्ट्रियातल्या डोंगरगावचा म्हातारा. त्याचा एकच कायदा. रेड्याच्या आधी फेरी. दोन माणसांनी वरपासून खालपर्यंत पायी चालायचं, पोरांच्या खेळायच्या गुहेत वाकून बघायचं, कोपरे बघायचे, मगच मला चावी मिळायची. तोफा चालू असताना रेडा बंद, रेडा चालू असताना तोफा बंद. चहाच्या वेळी तो आपल्या गावाबद्दल सांगायचा. गावात पाहुणे यायला लागले म्हणून पाळणे वाढवले, पाळणे वाढले म्हणून आणखी पाहुणे आले, आणि शेवटी उतारावर एवढी झुंबड उडायला लागली की जुन्या पाहुण्यांनी येणंच सोडलं. हे सांगताना त्याचा चेहरा इतका पडायचा की आम्ही विषय बदलायचो. पुढे गुडघे गेले म्हणून तो मायदेशी परतला.

त्याच्या जागी रणजित साहेब आले. पुण्याचे, हॉटेलचं शिक्षण घेतलेले. माणूस वाईट नाही. माझ्याशी मराठीत बोलतो, ईदला मिठाई आणतो. पण मालकांनी त्याला दोन्हीकडून धरलेलं. पाहुणेही वाढले पाहिजेत आणि खूशही झाले पाहिजेत. बाहेर पडायच्या दाराशी एक खांब आहे, त्यावर तीन चेहरे, हसरा, गप्प आणि रडका. जाताना पाहुण्याने एक दाबायचा. खेपा वाढवल्या तशी गर्दी वाढली, बर्फ दगडासारखा झाला आणि लोक रडका चेहरा बदाबदा दाबायला लागले. मग साहेबांनी ठरवलं, दोन खेपांमधला वेळ निम्मा करायचा आणि तेवढ्यात दुप्पट बर्फ टाकायचा. म्हणजे तोफा आणि रेडा एकदम. आणि फेरी बंद.

फेरीच्या जागी जॅकेट. आत जाताना प्रत्येकाला भाड्याचं निळं जॅकेट मिळतं, त्यावर कंप्युटर वाचतो अशी पट्टी असते. बाहेर येताना सगळी जॅकेटं काउंटरवर जमा झाली की माझ्या शेडवरचा दिवा आपोआप हिरवा होतो. दिवा हिरवा म्हणजे हॉल रिकामा.

"जॅकेटशिवाय आत थांबेल कोण, हाशिरभाई? गोठून जाईल की माणूस," साहेब म्हणाले.

"तरी एक फेरी असू दे, साहेब. मला धुक्यात काही दिसत नाही."

"भीती तुम्हाला वाटते. कंप्युटरला वाटत नाही."

मी मान डोलावली. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनीच्या हातात, भाड्याचं घर शराफिया मोहल्ल्यात, पोरगी शाळेत. आणखी काय बोलणार? पण तेव्हापासून दर खेपेला शेडमधून रेडा बाहेर काढताना मी हिरव्या दिव्याकडे दोनदा बघायचो. बिस्मिल्ला म्हणायचो आणि पुढे जे होईल ते होईल म्हणून निघायचो. हे काय जगणं झालं?

अशात माझी अम्मा आली, व्हिजिट व्हिसावर. शरफुन्निसा तिचं नाव. दाभोळची, खाडीच्या काठावर सगळा जन्म गेलेला. बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीत असतो तेवढाच तिला ठाऊक. माझ्या सहरने, म्हणजे बारा वर्षांच्या माझ्या मुलीने, हट्ट धरला की दादीला बर्फ दाखवायचाच. स्टाफच्या घरच्यांना पास मिळतो, म्हणून मी माझ्याच ड्यूटीच्या दिवशी दोघींना बोलावलं. बायको नूरैनची दवाखान्यात ड्यूटी होती, ती आली नाही.

मॉलमध्ये शिरल्यापासून अम्माने सहरचा हात सोडला नव्हता. सरकत्या जिन्याला ती जाम घाबरते. हा घाबरटपणा मला कुठून मिळाला ते आता कळलं असेल. काउंटरवर तिच्या हातात निळं जॅकेट दिलं तर तिने ते नाकाशी नेलं.

"किती जणांनी घातलेलं असेल रे हे? पाक तरी आहे काय?"

"दादी, इट्स क्लीन. चलो ना," सहर म्हणाली.

"तू गप गो. हाशिर, किब्ला कुठे इथे?"

ही तिची सवय. कुठेही गेली, लग्नघरी, दवाखान्यात, एसटीत, आधी किब्ला, नमाजाची दिशा, विचारणार. मी म्हटलं, "ती पोरांची गुहा दिसते ना कोपऱ्यात, त्या बाजूला मक्का. पण तुला इथे कशाला हवंय? नमाजाची खोली वर फूड कोर्टापाशी आहे. आत मजा कर."

रांग एवढी होती की दोघी आत गेल्या तेव्हा असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची, वेळ सुरू झाली होती. मला ते तेव्हा सुचलं नाही. मी शेडच्या काचेतून बघत होतो, अम्मा निळ्या जॅकेटात फुगून बाकावर बसलेली, मांडीवर तिची कापडी पिशवी, आणि सहर तिच्यावर बर्फ उडवतेय. अम्मा तोंडावर हात धरून हसत होती. मला बरं वाटलं.

खेप संपली. भोंगा झाला. माणसं लोटालोटी करत दाराकडे गेली, मोठे दिवे अर्धे झाले, दारं लागली आणि तोफा सुरू झाल्या. थोड्या वेळाने शेडवरचा दिवा हिरवा झाला. वॉकीवर शंकर बोलला. हा मशीनरूममध्ये असतो, सांगलीकडचा, माझा जुना दोस्त.

"खलास, हाशिरभाई. हॉल रिकामा. यल्ला, चला."

मी रेडा बाहेर काढला.

तोफांनी केलेलं धुकं तुम्ही पाहिलेलं नाही. कापूस पिंजल्यासारखं सगळं पांढरं, त्यात माझे दिवे शिरतात आणि तिथेच अडकतात. पातं दिसतं, त्याच्यापुढे फार तर खाटेएवढं अंतर दिसतं. इंजिनाच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नाही. मी उजव्या भिंतीला धरून वर गेलो, वळलो आणि खाली यायला लागलो. मध्येच धुकं जरा फाटलं आणि बाजूच्या बघ्यांच्या काचेमागे सहर दिसली. नाक काचेला लावून हात हलवत होती. मीही हात हलवला.

एकटीच होती ती.

मी मनात म्हटलं, अम्मा नमाजाला गेली असेल. असर राहिलीय तिची, सूर्यास्ताची मगरिब व्हायला आलीय. अम्मा जेवण चुकवेल, औषध चुकवेल, नमाज चुकवणार नाही. तापाने फणफणलेली असतानाही भिंतीला टेकून वाचायची. म्हणजे वर खोलीत गेली असेल. असं म्हणून मी रेडा पुढे घेतला, आणि मग जागीच थांबवला. खोली वर आहे. वर जायला सरकता जिना आहे. आणि सहर तर इथे उभी आहे.

मी वॉकी तोंडाशी धरला. "शंकर, माझ्या आईचं जॅकेट आलंय का बघ."

"सगळी आलीत की. त्याशिवाय दिवा हिरवा होतोय का?"

"आई बाहेर दिसतेय का? तेवढं बघ."

मध्येच रणजित साहेबांचा आवाज घुसला. "हाशिरभाई, का थांबलात? रांग फूड कोर्टापर्यंत गेलीय. लोक आत्ताच वैतागलेत. उरका पटकन."

एका बाजूने अक्कल सांगत होती की दिवा हिरवा आहे, जॅकेट जमा आहे, थंडीत जॅकेटशिवाय म्हातारी कशाला थांबेल. दुसऱ्या बाजूने मघाचं काउंटरवरचं सगळं आठवत होतं, नाकाशी धरलेलं जॅकेट, पाक तरी आहे काय, किब्ला कुठे इथे. मी रेडा चालू केला. हळू, अगदी रांगत, पण चालू केला. साहेबाच्या शब्दाला भ्यायलो, दुसरं काही नाही. गुहेच्या कोपऱ्यात तोफेखाली बर्फाचा ढीग साचतो, तो मला ओढायचा होता. मी पातं खाली सोडलं आणि त्या बाजूला वळलो.

दिव्याच्या उजेडात बूट दिसले.

भाड्याचे बूट, लाल पट्ट्याचे. ते कुणी मोजत नाही, दाराशी ढिगात टाकायचे असतात. पण हे कुणी टाकलेले नव्हते. दोन्ही टाचा जुळवून, टोकं बाहेर करून, घराच्या उंबऱ्याशी ठेवतात तसे नीट जोडून ठेवलेले. बूट असे ठेवणारं माणूस मला जन्मापासून माहीत आहे.

मी लाल बटणावर मूठ मारली. रेडा गचका देऊन बंद पडला. केबिनमधून उडी टाकली तो थेट गुडघ्यावर आपटलो.

"अम्मा."

काही नाही. तोफा घूं घूं करत होत्या. मी वॉकीवर ओरडलो, तोफा बंद कर, शंकर, तोफा बंद कर. आणि परत हाक मारली. अम्मा. अम्मा गो. उत्तर नाही. मी चार पायांवर, हात पुढे चाचपत त्या पांढऱ्यात सरकत होतो आणि तोंडाने एकच हाक चालू होती. ती ओ देत नव्हती. लहानपणापासून एका हाकेला ओ देणारी माझी आई ओ देत नव्हती, आणि मला वाटलं संपलं, पात्याने लागलं असणार, मीच मारलं.

मग हाताला कापड लागलं. जानमाजची, तिच्या नमाजाच्या सतरंजीची, कड. तोफा बंद झाल्या तसं धुकं बसायला लागलं आणि अम्मा दिसली. बर्फावर जानमाज अंथरलेला, अंगावर तिची स्वतःची शाल, पायात नुसते मोजे, आणि ती कपाळ टेकून पालथी. पाठीवर बर्फाची भुकटी पडलेली. हलत नव्हती. रेड्याचं पातं तिच्यापासून किती लांब होतं ते मी बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. तेवढ्या जागेत एक परात बसली असती, बस.

ती उठून बसली. सजद्यातून उठून शांतपणे बसली, ओठ हलत होते. उजव्या खांद्याकडे मान वळवून सलाम फेरला, डाव्या खांद्याकडे फेरला. मग माझ्याकडे बघितलं.

"ओरडतोस कशाला एवढा? नमाजीत होते ना. ओ कशी देणार?"

मी तिला धरलं आणि रडायला लागलो. लाज सोडून रडलो. ती माझ्या डोक्यावरचा बर्फ झटकत म्हणाली, "काय झालां? वेळ जायला आलेली. म्हटलं इथेच वाचून घेते, तू दाखवलेलंस ना किब्ला. त्या जॅकेटात नमाज कशी होईल? किती जणांचा घाम त्याला. सहरला दिलं आणि म्हटलं तू हो पुढे, मी नमाज वाचून येते. तिला काय वाटलं देव जाणे."

सहरला वाटलं होतं, दारापाशी कुठेतरी खोली असेल. तिने दोन्ही जॅकेटं काउंटरवर दिली आणि बाहेर काचेशी येऊन दादीची वाट बघत उभी राहिली.

"तुला आवाज नाही आला गाडीचा?" मी विचारलं.

"आला की. दिवेही दिसले. मला काय ठाऊक नाही कोण चालवतोय? माझा हाशिर असल्यावर मी नमाज कशाला तोडू?" अम्मा हसली. "तू बघितलंस ना मला लांबून?"

तिच्या डोळ्यांत एवढा विश्वास होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "हो अम्मा. बघितलं."

तिला उचलून दारापाशी आणली. शंकर धावत आला होता. त्याने आपला कोट काढून तिच्या अंगावर टाकला, आणि आश्चर्य म्हणजे तो पाक आहे का, असं तिने विचारलं नाही. सहर हमसून हमसून रडत तिला बिलगली. बाहेरच्या दारावर लोक थापा मारत होते, खेपेची वेळ टळून गेली होती. रणजित साहेब आले, पांढरेफटक पडलेले. अम्मा धडधाकट आहे असं बघून त्यांनी भिंतीला हात टेकला.

"अल्लाहची कृपा म्हणायची, हाशिरभाई. काय झालं नेमकं?"

उत्तर अम्माने दिलं. आईच ती. "माझ्या लेकाने लांबून बघितलं आणि गाडी थांबवली. असा लेक आहे माझा."

साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मला तो येताना दिसला. "बघितलंत?" ते मला म्हणाले. "म्हणजे दिसतं तुम्हाला. मी तेच म्हणत होतो. चूक कुणाकडून होणार नाही असं नाही, पण ड्रायव्हर जागा आहे. मी वर तसंच कळवतो, ड्रायव्हरने वेळेत पाहिलं, कुणाला इजा नाही. चला, रेडा एकदा झटपट फिरवून घ्या आणि लोकांना आत सोडू. ते चेहरे आज सगळे रडकेच येणार."

मी अम्माकडे बघितलं. ती शंकरच्या कोटात बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होती. हे कौतुक मला आयुष्यात फार वेळा मिळालेलं नाही. ते तसंच ठेवलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? दाभोळला जाऊन तिने घरोघर सांगितलं असतं. आणि पुढच्या खेपेला दिवा हिरवा झाला असता आणि मी कुणाच्या तरी आईवर, कुणाच्या तरी पोरावर रेडा घेऊन गेलो असतो.

"साहेब," मी म्हटलं, "मला दिसली नाही."

"काय?"

"आई मला दिसली नाही. शेवटपर्यंत दिसली नाही. मी पातं खाली सोडून तिच्याच अंगावर चाललो होतो. मध्ये तिचे बूट दिसले म्हणून थांबलो. कुणी अडखळू नये म्हणून तिने ते नीट जोडून ठेवले, म्हणून ती इथे बसलीय. विस्कटून ठेवले असते तर बर्फाखाली गेले असते, आणि तीही गेली असती."

मी अम्माकडे बघायचं टाळत होतो, पण बघितलंच. तिचं हसू आधी तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. तिने वळून उताराकडे पाहिलं. धुकं आता खाली बसलं होतं आणि सगळं लख्ख दिसत होतं, जानमाज, तिचे बूट आणि त्यांच्या पुढ्यात तोंड खाली घालून उभा असलेला रेडा. इतका वेळ बर्फात बसून ती कुडकुडली नव्हती, आता दात वाजायला लागले.

"चावी माझ्याकडे आहे," मी साहेबांना म्हटलं. "फेरी मारल्याशिवाय मी बसणार नाही. ह्या खेपेलाही नाही आणि पुढच्याही नाही. तोफा आणि रेडा एकदम चालणार नाहीत. इकामा रद्द करायचा तर करा. मी घाबरट माणूस आहे, मला हे झेपत नाही."

"मीही त्याच्या फेरीत," शंकर म्हणाला.

साहेब दारावरच्या थापा ऐकत राहिले. मग वॉकी उचलून काउंटरला म्हणाले, खेप उशिराने सुरू होईल, लोकांना सांगा. पुढे काय होईल ते त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही. पण त्या घडीला त्यांनी एवढं केलं.

मी आणि शंकर वरपासून खालपर्यंत चालत आलो. गुहेत वाकून बघितलं, हात घालून बघितलं. हाक मारायच्या भरवशावर राहिलो नाही, ओ न देणारं माणूसही आत असू शकतं, हे आता मला कळलं होतं. जानमाज झटकून घडी केला, बूट उचलले आणि खाली आलो. अम्मा दारातल्या बाकावरून हलली नव्हती. सहर तिला वर चल म्हणत होती, ती ऐकत नव्हती.

"आत कोण नाही ना?" तिने विचारलं.

"कोण नाही, अम्मा. मी बघितलंय."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मघाशीही मी तिला हेच सांगितलं होतं, बघितलं म्हणून.

"परत एकदा बघून ये," ती म्हणाली.

मी बूट तिच्यापाशी ठेवले आणि परत वर चढायला लागलो.